उतरलेल्या आंब्याची चटणी दर पावसाळ्यात का फसफसते?

मृग लागायच्या सुमाराला घरातले शेवटचे आंबे उतरायला लागतात. साल सुरकुतलेली, हात लावला की बोट आत जातं, आणि सगळ्या घराला गोडसर वास. आमरसाला तोवर सगळे कंटाळलेले असतात, फेकायला जीव होत नाही. मग चटणी होते: गूळ, तिखट, आलं, थोडं व्हिनेगर, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. आठ दिवस कौतुक होतं. आषाढात कधीतरी झाकण फिरवलं की फुस्स आवाज येतो, कडेला बारीक फेस दिसतो आणि जिभेवर काहीतरी चुरचुरतं. पुढच्या वर्षी गूळ वाढतो. तरीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षी मीठ वाढतं, मग बरणी बदलते, आणि शेवटी “आपल्याकडे हवाच दमट” म्हणून विषय मिटवला जातो.

हवेचा वाटा यात थोडासाच आहे. नीट उकळलेल्या चटणीत यीस्ट, म्हणजे साखर खाऊन फेस करणारा सूक्ष्मजीव, जिवंत राहत नाही. ती साठ अंशांच्या थोडं पुढेच मरते, आणि आपली चटणी तर अर्धा-पाऊण तास रटरटलेली असते. म्हणजे बरणीत फेस करणारी यीस्ट नंतर आत आलेली आहे. तेव्हा प्रश्न दोनच विचारायचे: ती आली कुठून, आणि आत आल्यावर तिला तिथे सुखानं राहता का आलं? पहिल्याचं उत्तर भांडी, झाकणं आणि चमचे यांत सापडतं. दुसऱ्याचं उत्तर उतरलेल्या फळात आहे, आणि गूळ कितीही वाढवला तरी हात न लागणारं तेच आहे. आधी ते पाहू.

उतरलेला आंबा कृतीत बसत नाही

आपल्याकडच्या बहुतेक चटण्यांच्या कृती कैरीच्या किंवा अर्धवट पिकलेल्या, पाडाच्या आंब्याच्या असतात. कैरीत आम्ल भरपूर, पेक्टिन भरपूर, साखर जवळपास नाही. आंबा पिकतो तशी त्यातल्या पिठाची साखर होते, आम्ल उतरतं, आणि पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन तुटत जातं. फळ मऊ पडतं ते त्यामुळेच. पिकून पुढे गेलेल्या आंब्यात ही सगळी गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत पोचलेली असते. जिथे कृतीत “एक किलो आंबे, दोन चमचे व्हिनेगर” लिहिलंय तिथे लिहिणाऱ्यानं फळाच्या स्वतःच्या आंबटपणावर भिस्त ठेवलेली असते. उतरलेल्या आंब्यात तो आंबटपणा उरलेलाच नसतो.

टिकाऊ पदार्थ आपल्याकडे कशावर टिकतात ते बघा. लोणचं मिठावर आणि तेलावर टिकतं. त्यात मीठ शेकडा पंधराच्या आसपास जातं. मुरांबा, साखरांबा पाकावर टिकतो. त्यात साखर शेकडा पासष्टच्या पुढे असते. चटणीत मीठ असतं जेमतेम दोन टक्के आणि साखर निम्म्याच्या आसपास. दोन्हीकडून अर्धवट. म्हणून तिला तिसरा आधार लागतो, आम्लाचा. तिन्ही मिळून काम करतात, आणि एक काढला की उरलेल्या दोघांना ते झेपत नाही.

बाजारातल्या आंब्याच्या चटणीसाठी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम हेच सांगतो: फळ किमान ४० टक्के, विरघळलेले घन पदार्थ किमान ५० टक्के, आणि सामू, म्हणजे पीएच, ४.६ पेक्षा जास्त नको. सामू जितका कमी तितकं आंबट. कैरीचा सामू साडेतीनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. पिकलेल्या आंब्याचा जातीनुसार आणि पिकण्यानुसार चारच्या वर सरकतो, आणि अगदी उतरलेल्याचा ४.६ च्या पलीकडेही जाऊ शकतो.

हा ४.६ चा आकडा फसफसण्यासाठी नाही, हे ध्यानात ठेवा. तो बॉट्युलिझम, म्हणजे जीवघेणी अन्नविषबाधा, करणाऱ्या जंतूसाठी आहे. हवाबंद बरणीत, ४.६ च्या वरच्या सामूत हा जंतू विष तयार करू शकतो, आणि त्या विषाला वास, रंग, फेस काहीही नसतो. यीस्टला आणि बुरशीला मात्र याहून खूप आंबट जागाही चालते. म्हणून घरच्या चटणीसाठी चारच्या आसपास किंवा खाली उतरावं, आणि आम्लातला बराचसा भाग व्हिनेगरचा असावा. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल यीस्टच्या पेशीत शिरून तिला जेरीस आणतं. त्याच सामूला आणलेलं लिंबूसत्त्व या बाबतीत मवाळ पडतं. नुसतं लिंबू पिळून केलेली चटणी आंबट लागते, तरी फसफसते, त्याचं कारण हे.

गुळाबद्दलही इथेच बोलून घेते. गूळ करताना रसात चुना घालतात, त्याचा अंश गुळात राहतो आणि चटणीतल्या आम्लाचा थोडा भाग खाऊन टाकतो. शिवाय पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढून पाझरतो, तो पाझरलेला गूळ तोलला तर त्यात पाण्याचंच वजन धरलं जातं, आणि त्याच्या पृष्ठभागावर बुरशीचे, यीस्टचे कण बसलेले असतात. म्हणजे “टिकावी म्हणून” जास्तीचा गूळ घालताना आपण आम्ल कमी करतो आणि पाणी वाढवतो. चवीसाठी थोडा गूळ जरूर घाला, तो वेगळा वितळवून गाळून घ्या. टिकण्याचं काम साखरेवर सोडा.

पाणी: डोळ्यांना न दिसणारं

आमरस मुळातच दाट दिसतो, फसगत इथेच होते. कैरीच्या फोडी पाकात शिजताना पाणी सुटलेलं लख्ख दिसतं आणि ते आटल्यावर पाक दाट झालेलाही दिसतो. उतरलेल्या आंब्याचा गर पहिल्या मिनिटापासून चटणीसारखाच दिसतो. पळीवरून जाडसर पडतो, पातेल्यात फुटफुट करतो, आणि करणारी म्हणते झाली. त्या गरात तेव्हा ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. साखर घातल्यावर मिश्रण पातळ होतं, पुन्हा थोडं आटवलं की परत दाट वाटतं आणि गॅस बंद होतो.

यावर खात्रीचा उपाय एकच आहे, वजनकाटा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच एका कागदावर लिहून ठेवायचं. मग हिशेब असा:

पाऊण किलो आंब्याचा गर, पाव किलो कैरीचा कीस, ४०० ग्रॅम साखर (यातला १०० ग्रॅम गूळ चालेल), २० ग्रॅम मीठ, ४० ग्रॅम आलं-मिरची, १५० मिलीलीटर व्हिनेगर. सगळं मिळून सव्वासोळाशे ग्रॅमच्या जवळपास होतं. यातले विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे घातलेली साखर, मीठ आणि फळातली नैसर्गिक साखर, अंदाजे ५८० ग्रॅम भरतात. ते पंचावन्न टक्के व्हायला हवे असतील तर तयार चटणी एक किलो पन्नास ग्रॅमवर आली पाहिजे. म्हणजे अर्ध्या लीटरहून जास्त पाणी वाफ होऊन जायला हवं. पसरट पातेल्यात मध्यम आचेवर याला पाऊण तास तरी लागतोच. उभ्या, अरुंद भांड्यात दीड तासही लागेल आणि तेवढ्यात तळ लागेल.

काटा नसेल तर ताटलीची परीक्षा करा. स्टीलची ताटली दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, तिच्यावर चमचाभर चटणी टाका आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग ताटली थोडी तिरपी करून कडेकडे बघा. चटणीच्या गोळ्याभोवती पाण्याची चकचकीत, बिनरंगाची रेघ सुटली असेल तर अजून आटवायला हवं. रेघ नसेल आणि बोटानं मधून ओढलेला पट्टा आपणहून भरून येत नसेल, तर झालं. कडेची ही रेघ म्हणजेच पुढे बरणीत वर तरंगणारं पाणी. फेस सुरू होतो तो याच पातळ थरात, कारण तिथे साखर आणि आम्ल दोन्ही पुरेसं दाट नसतं.

जूनमध्ये कैरी मिळत नाही ही अडचण खरी आहे. तोतापुरी कच्च्या अजून बाजारात असतात, त्या चालतात, फक्त रायवळीइतक्या आंबट नसतात. एप्रिलमध्ये रायवळ कैऱ्या स्वस्त असतात तेव्हा किसून, पाव पाव किलोच्या पिशव्या भरून फ्रीझरमध्ये टाकून ठेवल्या तर सगळ्यात उत्तम. कैरी दोन्ही कामं करते, आम्लही देते आणि पेक्टिनही, म्हणजे चटणीला अंग येतं. कैरी अजिबातच नसेल तर गर पूर्ण किलोभर घ्या आणि लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे खडे, एक सपाट चहाचा चमचा घाला. व्हिनेगर तेवढंच ठेवा.

व्हिनेगरची बाटली घेताना लेबल वाचा. आपल्याकडे साधारण चार टक्क्यांचं मिळतं, परदेशात बहुधा पाच टक्क्यांचं. तिकडची कृती इकडे करताना व्हिनेगर थोडं वाढवावं लागतं, आणि इथली कृती न्यू जर्सीतल्या भाचीला सांगायची असेल तर तिला थोडं कमी चालेल, तरी मी म्हणेन तेवढंच राहू दे. ते सुरुवातीलाच घालून तासभर उकळू नये, काही अंश वाफेबरोबर जातो आणि घरभर वास सुटतो तो वेगळा. चटणी जवळपास झाली की घाला. वजन पुन्हा वाढेल, ते परत एक किलो पन्नासवर आणा.

सामू मोजायची हौस असेल तर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात पट्ट्या मिळतात. एक ते चौदाची पट्टी घेऊ नका, तिच्यावर चार आणि पाच जवळजवळ सारखेच दिसतात. अरुंद टप्प्याची, साडेतीन ते साडेपाचच्या आसपासची घ्या. चटणीचा पिवळा रंग पट्टीला लागतो आणि वाचता येत नाही, म्हणून चमचाभर चटणी तेवढ्याच डिस्टिल्ड पाण्यात कालवून, वर आलेल्या पाण्यात पट्टी बुडवा.

उतरलेला आणि सडलेला

चटणीत सगळं खपतं असं समजणाऱ्यांसाठी हा भाग. उतरलेला आंबा मऊ असतो, गोड असतो, वासाला नेहमीपेक्षा जड असतो. सडलेला आंबा देठाकडून तपकिरी होतो, त्यातून पाणी गळतं, आणि वासात दारूची झाक येते. तो घेऊ नका. सालीवरचे काळे ठिपके बहुतेक करप्या रोगाचे असतात. ते सालीपुरतेच असतील तर साल काढून आंबा घ्यावा. ठिपका गरात उतरलेला असेल तर आंबा टाका. बुरशीची लव दिसली तर तेवढा भाग कापून बाकीचा घेण्याचा मोह आवरा. मऊ फळात बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरेच पुढे गेलेले असतात, आणि काही बुरश्यांची विषं उकळून जात नाहीत.

प्रत्येक आंबा कापून आतून बघायचाच. एक तर हापूसचा साका बाहेरून कळत नाही. आत पांढुरका, भुसभुशीत, आंबूस भाग निघतो. त्यानं कोणी आजारी पडत नाही, पण चटणीत त्याच्या चिवट गाठी राहतात. दुसरं म्हणजे फळमाशी. पहिल्या पावसानंतर आंब्यात अळ्या निघायचं प्रमाण वाढतं, आणि वरून नुसतं सुईच्या टोकाएवढं भोक असतं. हातानं पिळून रस काढणाऱ्यांनी हे वाचून घ्यावं.

आंबे कापायच्या आधी धुवा, कापल्यावर नाही. गर काढला की त्याच दिवशी शिजवा. “आज रस काढून ठेवते, उद्या चटणी करते” या बेतातच फसफस सुरू होते. फ्रिजमध्येसुद्धा उतरलेल्या आंब्याचा कच्चा रस एका रात्रीत चव बदलू शकतो. वेळ नसेल तर रसाला एक उकळी आणून गार करून फ्रीझरमध्ये टाका.

यीस्ट आत आली कुठून

पहिल्या क्रमांकाची संशयित म्हणजे चिनीमातीची बरणी. लोणच्यासाठी ती उत्तम, कारण लोणच्याला वर तेलाचा थर असतो आणि आत मिठाचा पहारा. चटणीवर तेल नाही, मीठ नाही, आणि दादरा बांधलेली बरणी हवाबंद नसते. दादऱ्याच्या कापडातून पावसाळ्याची दमट हवा आणि तिच्यातलं सगळं काही आत जातं. चटणी काचेच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत भरा, आणि मोठ्या बाटलीऐवजी चार छोट्या. एक उघडली तरी तीन सुरक्षित राहतात.

दुसरी संशयित झाकणं. एका मैत्रिणीनं तिच्या फसफसलेल्या चटणीची बाटली आणून दाखवली. बाटली लख्ख.

“अगं, उकळत्या पाण्यात धुतलीय मी.”

“झाकण?”

“तेही.”

“आतली कड हुंगून बघ.”

झाकणाच्या आतल्या मऊ चकतीला गेल्या वर्षीच्या लिंबाच्या लोणच्याचा वास होता, आणि चकतीखाली बोटानं थोडं उचलल्यावर तपकिरी चिकटा. ती चकती धुऊन स्वच्छ होत नाही. बाटल्या पुन्हा वापरा, झाकणं दर वर्षी नवी घ्या. ती सुटी मिळतात आणि स्वस्त असतात.

तिसरी गोष्ट, फोडणी. आपल्याला वरून फोडणी घालायची सवय. त्यात धुतलेला कढीपत्ता ओला असतो, तेलात तो जेमतेम तडतडतो, आणि मग पाणी नि जंतू दोन्ही घेऊन थंड होत आलेल्या चटणीत पडतो. फोडणी करायचीच असेल तर ती सुरुवातीला करा, त्याच तेलात गर टाका आणि सगळं एकत्र उकळू द्या. मेथ्या, मोहरीची डाळ, हिंग, लाल मिरची सगळं यात चालतं. टिकवायच्या चटणीत कच्चा लसूण, कोथिंबीर, पुदिना नंतर घालू नका. वाढताना घाला.

चौथी, गार करणं. रात्री केलेली चटणी पातेल्यात झाकून सकाळी भरली जाते. झाकणाच्या आत जमलेले वाफेचे थेंब रात्रभर चटणीवर पडत राहतात. म्हणजे आटवलेलं पाणी आपण पुन्हा वरच्या थरात सोडतो. चटणी गरमच भरायची असते, पंच्याऐंशी अंशांच्या वर, म्हणजे कडेला बुडबुडे येत असताना, आणि बाटलीही गरम हवी, नाहीतर काच तडकते.

भरताना काठापासून बोटाच्या रुंदीएवढी जागा सोडा, काठ स्वच्छ फडक्यानं पुसा, झाकण लावा. मग मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घालून बाटल्या उभ्या ठेवा, झाकणांच्या वर दोन-तीन सेंटीमीटर पाणी येईल इतकं गरम पाणी घाला, आणि पाणी खळखळायला लागल्यापासून वेळ मोजा. मुंबई, रत्नागिरी, पणजीसारख्या समुद्रालगतच्या गावी अर्ध्या लीटरच्या बाटलीला दहा मिनिटं. पुणे, नाशिककडे पंधरा, कारण पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गार झाल्यावर झाकण मधोमध दाबून बघा. टिकटिक वाजत असेल तर सील लागलेलं नाही. ती बाटली फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवा.

केव्हा बिघडली यावरून कारण ओळखा

चार-पाच दिवसांत फेस आला: पाणी जास्त आणि व्हिनेगर कमी, दोन्ही. बाटलीचा दोष शोधत बसू नका, वजन करा.

न उघडलेली बाटली महिन्या-दीड महिन्यानं फुगली: सील किंवा झाकण. झाकण वर आलेलं दिसलं तर तोंडापासून लांब, सिंकमध्ये धरून, कापड टाकून उघडा. चव घेऊन बघायची नाही.

बंद असताना चांगली, उघडल्यावर आठवड्यात गेली: चमचा. डोशाच्या ताटलीतून आलेला चमचा, किंवा नुकताच धुतलेला ओला. उघडलेली चटणी फ्रिजमध्ये, आणि महिनाभरात संपवायची.

वर बुरशी, खाली ठीक: बाटलीत हवेची जागा जास्त राहिली किंवा काठावर चटणी लागलेली होती. “वरचं काढून टाक, खालचं चांगलंय” हा सल्ला आज्यांनी लोणच्याच्या बाबतीत दिला असेल. चटणीत पाळू नका. बुरशी आम्ल खाते, तिच्याखाली सामू वर जातो, आणि मग ज्या जंतूला आपण दूर ठेवलं होतं त्याला जागा मिळते.

फसफसलेली चटणी पुन्हा उकळून वाचवता येईल का, हा प्रश्न ठरलेला आहे. उकळल्यानं यीस्ट मरेल, झालेली चव जाणार नाही, आणि आणखी काय वाढलं होतं ते आपल्याला कळणार नाही. टाकून द्या.

सोडियम बेंझोएट, म्हणजे पदार्थ टिकवायची पूड, घालू का? चिमूटभर घातलं तर चालतं, लोक घालतात. पण बेंझोएटसुद्धा आंबट पदार्थातच काम करतं. सामू साडेचारच्या पुढे गेला की त्याचा उपयोग फारसा उरत नाही. ज्या चटणीत आम्ल पुरेसं आहे तिला ते लागत नाही, आणि जिच्यात आम्ल नाही तिला ते पुरत नाही. मी घालत नाही.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

काळी पडते. लोखंडी कढई वापरली असेल. आम्ल लोखंडाशी लागतं आणि चटणी काळपट, धातूच्या चवीची होते. कल्हई उडालेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तर करूच नका. हिंडालियमही नको. जाड बुडाचं स्टील सगळ्यात चांगलं. गूळ जास्त असेल तरी रंग गडद होतो, तो दोष नव्हे.

तळाला लागते. साखर फार लवकर पडली. आधी गर आणि कैरी एकटी आटवा, निम्मं पाणी गेलं की साखर. त्यानंतर हात थांबवायचा नाही. लांब दांड्याचा लाकडी उलथना घ्या आणि बाही मनगटापर्यंत ओढा. दाट गराचे फुटके बुडबुडे उडून हातावर बसतात आणि चिकटून राहतात, नुसत्या पाण्यानं भाजण्यापेक्षा हे वाईट.

रेषा येतात. रायवळ आंब्याला त्या असणारच. गर पुरणयंत्रातून काढा. मिक्सरनं रेषा बारीक होतात, जात नाहीत.

सपक लागते. पिकून गेलेल्या फळाचा वास शिजताना उडतो आणि नुसता गोडवा उरतो. आलं वाढवा, भाजलेल्या मेथीची पूड पाव चमचा, चिमूटभर पादेलोण. आणि दोन आठवडे थांबा. ताज्या चटणीत व्हिनेगर वेगळं उभं राहतं, मुरल्यावर मिसळतं.

व्हिनेगर घरात कोणाला चालतच नाही, असंही असतं. मग लिंबूसत्त्वावर करा, आणि डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे ती सहा महिने सहज राहते. बाहेर ठेवायचा आग्रह धरू नका.

दुसरी फळं याच मापानं करू नका

अननस, स्ट्रॉबेरी आणि पेरू मुळात आंबट, त्यांना वरचं माप चालतं. पेरूच्या बिया गाळाव्या लागतात, पण पेक्टिन भरपूर, त्यामुळे तो लवकर दाटतो. स्ट्रॉबेरी उतरली की लगेच करडी लव धरते, म्हणून प्रत्येक फळ फिरवून बघायचं.

केळं, चिकू, पपई, अंजीर आणि बरका फणस यांची गोष्ट वेगळी. यांचा सामू पिकल्यावर पाचच्या जवळपास किंवा त्याच्याही वर असतो. १५० मिलीलीटर व्हिनेगरनं तो पुरेसा खाली येईलच असं नाही, आणि आला का ते चवीनं कळत नाही, कारण साखर आंबटपणा झाकते. काळ्या पडलेल्या केळ्यांची चिंच-गूळ घातलेली चटणी चविष्ट होते, जरूर करा. पण बाटली बंद करून फडताळात ठेवू नका. छोट्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, दहा-बारा दिवसांत संपवा, आणि जास्त झाली असेल तर पहिल्याच दिवशी निम्मी फ्रीझरमध्ये टाका.